उल्हासचा पूर आणि आपला बांध
हवामान, भरती व नकाशांच्या माहितीचा शेतावर उपयोग

दिनांक २६ जुलै २००५ हा दिवस ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील शेतकरी विसरलेले नाहीत. उल्हास नदीने काठ सोडला आणि कर्जतपासून कल्याणपर्यंतची नदीकाठची खाचरे पाण्याखाली गेली. बदलापूर, उल्हासनगर व कल्याण येथील वस्त्यांत पाणी शिरले. पुढे बरोबर चौदा वर्षांनी, २६ व २७ जुलै २०१९ रोजी, उल्हासला पुन्हा मोठा पूर आला. बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान रुळांवर पाणी चढल्याने महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रभर अडकून पडली आणि सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांना दुसऱ्या दिवशी होड्यांतून बाहेर काढावे लागले. जुलै २०२१ मध्येही नदीने धोक्याची पातळी ओलांडली.

गाडीची बातमी देशभर झाली. परंतु त्याच रात्री नदीकाठच्या खाचरांतील नुकती लावलेली आवणे वाहून गेली, बांध फुटले, पाण्याचे पंप गाळात रुतले आणि गोठ्यांत पाणी शिरले. याची नोंद पंचनाम्यापलीकडे फारशी राहिली नाही.

पूर थांबविणे शेतकऱ्याच्या हाती नाही. मात्र पुराच्या आधी मिळणारे चार-सहा तास कसे वापरावयाचे, हे पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे. आज हवामानाची, नदीच्या पातळीची, भरतीची आणि जमिनीच्या उंचसखलपणाची माहिती शेतकऱ्याला घरबसल्या मिळू शकते. अडचण अशी की, ती जिल्ह्याची असते, तालुक्याची असते, नदीवरील एखाद्या ठिकाणाची असते. आपल्या बांधाची नसते. ही माहिती आपल्या बांधापर्यंत कशी आणावी, याचा विचार या लेखात केला आहे. उदाहरण कुळगाव-बदलापूर परिसराचे घेतले असले, तरी कोकणातील कोणत्याही नदी-खाडीच्या काठी हीच रीत उपयोगी पडेल.

पाणी कोठून येते?

उल्हास नदी लोणावळ्याजवळ राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी असा प्रवास करीत ती बदलापूरला येते. बदलापूरच्या खालच्या अंगाला तिला बारवी मिळते आणि कल्याणजवळ भातसेचे पाणी घेऊन आलेली काळू मिळते. कल्याणपासून पुढे तिची खाडी होते व ती वसईजवळ अरबी समुद्रास मिळते.

यात लक्षात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. कुळगाव ठाणे जिल्ह्यात आहे, परंतु कुळगावला येणारे बहुतेक पाणी रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडते. हवामानाचा इशारा जिल्हावार दिला जातो. ठाणे जिल्ह्याला पिवळा इशारा आणि रायगडला लाल इशारा असेल, तर कुळगावच्या शेतकऱ्याने आपल्याला लाल इशारा आहे असेच समजावे. नदीला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

वरची माहिती : पाऊस

भारतीय हवामान विभाग पावसाची वर्गवारी चोवीस तासांतील मापावरून करतो.

१) ६४.५ ते ११५.५ मि.मी. : जोरदार पाऊस
२) ११५.६ ते २०४.४ मि.मी. : अति जोरदार पाऊस
३) २०४.४ मि.मी. पेक्षा अधिक : अत्यंत जोरदार पाऊस

इशाऱ्याचे रंगही ठरलेले आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. याखेरीज पुढील तीन तासांपुरता तातडीचा अंदाजही दिला जातो. हा अंदाज प्रामुख्याने रडार व उपग्रहाच्या चित्रांवरून केला जात असल्याने पुराच्या दिवशी तो विशेष उपयोगी पडतो.

पावसाची मोजणी सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० अशी होते. त्यामुळे २७ तारखेच्या नावावर छापलेला पाऊस बहुतांशी २६ तारखेला पडलेला असतो. आपली वही ठेवताना ही वेळ पाळावी, नाही तर आपले आकडे व सरकारी आकडे जुळत नाहीत.

एका केंद्राचा आकडा सर्व मुलखाला लावू नये. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझ येथे ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यास मात्र जेमतेम ७३ मि.मी. पाऊस झाला. म्हणून मुंबईचा आकडा पाहून कुळगावचा अंदाज करू नये. आता राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसविलेली आहेत. त्यांपैकी कर्जत, नेरळ व माथेरान या बाजूचा पाऊस आपण रोज पाहावा.

आकड्याचा अर्थ कळण्यासाठी एक हिशेब ध्यानात ठेवावा. एक मि.मी. पाऊस म्हणजे एका हेक्टरवर १० घनमीटर, म्हणजेच १०,००० लिटर पाणी. शंभर चौरस किलोमीटर डोंगराळ मुलखावर १०० मि.मी. पाऊस झाला, तर १ कोटी घनमीटर पाणी पडते. जूनमध्ये यातील बराच भाग जमीन शोषून घेते. जुलैच्या मध्यानंतर जमीन भिजून तृप्त झालेली असते आणि खाचरेही भरलेली असतात. तेव्हा तेवढ्याच पावसाचे कितीतरी अधिक पाणी थेट ओढ्याला लागते. दोन्ही मोठे पूर जुलैच्या अखेरीस आले, यामागे हेही एक कारण आहे.

मधली माहिती : नदीची पातळी

बदलापूर येथे नदीची पातळी मोजली जाते. येथे इशारा पातळी १६.५० मीटर व धोका पातळी १७.५० मीटर ठरविलेली आहे. पावसाळ्यात ही पातळी नगरपालिका व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष यांच्याकडून कळते. जिल्हा कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १०७७ आहे.

पातळी एकदाच विचारून थांबू नये. एक तासाच्या अंतराने दोनदा विचारावी, म्हणजे पाणी चढण्याचा वेग कळतो. समजा, दुपारी ३ वाजता पातळी १५.९० मीटर होती आणि ४ वाजता १६.२० मीटर झाली. म्हणजे तासाला ३० सें.मी. पाणी चढत आहे. आपला पंप १७.१० मीटर पातळीला बुडत असेल, तर ४ वाजता आपल्या हातात सुमारे तीन तास आहेत. वरच्या भागात पाऊस वाढत असेल, तर त्याहूनही कमी.

खालची माहिती : भरती

भरतीचे पाणी कुळगावपर्यंत येत नाही. परंतु कल्याणच्या खाडीत भरती असली की, वरून येणारे पाणी तुंबते आणि सखल भागातील पाणी ओसरण्यास उशीर लागतो. कल्याण, भिवंडी व वसई या बाजूच्या शेतकरी बंधूंना आणि खाजण जमिनी असणाऱ्यांना भरतीची वेळ ही पावसाइतकीच महत्त्वाची आहे.

दिवसातून दोन वेळा भरती येते. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. कोळी बांधवांना हे गणित तोंडपाठ असते. मुंबईच्या भरतीचे छापील वेळापत्रक वर्षभर आधी मिळते. त्यातील उधाणाचे दिवस जून ते सप्टेंबरच्या दिनदर्शिकेवर लाल पेन्सिलीने खुणावून ठेवावेत. उधाणाचा दिवस आणि घाटमाथ्यावर लाल इशारा एकत्र आला, तर पाणी लवकर ओसरेल अशी आशा धरू नये.

हिंदी महासागराच्या उत्तर भागात समुद्राची पातळी १९९३ ते २०१५ या काळात दरवर्षी सरासरी ३.३ मि.मी. वेगाने वाढल्याचे केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. ही वाढ दिसण्यात लहान आहे. परंतु खारबंदिस्तीच्या बांधाची उंची ठरविताना ती विचारात घ्यावयास हवी, कारण बांध एका वर्षासाठी घातला जात नाही.

आपल्या बांधाची उंची

वरील सर्व माहिती आपल्या उपयोगी पडण्यासाठी एकच प्रश्न सुटावयास हवा. नदीची पातळी किती झाली म्हणजे माझे खाचर बुडते? हे मोबाइलवर कळत नाही. मोबाइल आपली जागा चार-पाच मीटरच्या फरकाने दाखवितो, पण उंचीच्या बाबतीत त्याची चूक पुष्कळ मोठी असते. म्हणून पुढील सोपी रीत वापरावी.

१) गेल्या मोठ्या पुराची खूण शोधावी. गोठ्याची भिंत, देवळाचा खांब, विजेचा खांब किंवा जुने झाड यांवर पाणी कोठपर्यंत आले होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना व शेजाऱ्यांना विचारून निश्चित करावे आणि तेथे रंगाची पक्की रेघ मारावी.

२) त्या दिवशी बदलापूर येथे नदीची सर्वांत जास्त पातळी किती नोंदली गेली, हे नगरपालिका किंवा पाटबंधारे कार्यालयातून लिहून आणावे.

३) गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. एक टोक पुराच्या रेघेशी व दुसरे टोक बांधावर उभ्या केलेल्या काठीशी धरावे. काठीवर जेथे पाणी स्थिर होईल, तेथून बांधाच्या माथ्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. अंतर जास्त असल्यास टप्प्याटप्प्याने मोजत जावे.

४) पुराच्या पातळीतून हे अंतर वजा करावे.

समजा, पुराच्या दिवशी सर्वांत जास्त पातळी १८.१० मीटर होती आणि खाचराचा बांध पुराच्या रेघेपेक्षा १.३० मीटर खाली आहे. म्हणजे नदी १६.८० मीटरला आली की बांधावरून पाणी येणार. गोठ्याची जमीन रेघेपेक्षा ०.४० मीटर खाली असेल, तर गोठ्यात १७.७० मीटरला पाणी शिरणार. या उदाहरणात खाचर धोका पातळी येण्याआधीच बुडाले आहे, हे लक्षात येईल. जाहीर केलेली धोका पातळी ही सर्व गावासाठी असते. आपल्या खाचराची धोका पातळी आपणच काढावयाची असते.

नदीच्या पाण्याला उतार असतो आणि प्रत्येक पूर सारखा नसतो. म्हणून काढलेल्या आकड्यातून ३० सें.मी. सोडून द्यावेत. वरील उदाहरणात खाचरासाठी १६.५० मीटर आणि गोठ्यासाठी १७.४० मीटर हे हालचाल सुरू करण्याचे आकडे धरावेत. ते गोठ्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. घरधनी बाहेरगावी असला, तरी घरच्यांना निर्णय घेता आला पाहिजे.

एक खबरदारी घ्यावी. भरतीच्या वेळापत्रकातील मीटर, नदीच्या पट्टीवरील मीटर आणि नकाशावरील समुद्रसपाटीपासूनचे मीटर हे एकाच शून्यापासून मोजलेले असतातच असे नाही. त्यांची एकमेकांशी वजाबाकी करू नये. पुराची रेघ आणि त्या दिवशीची नदीची पातळी यांचीच सांगड घालावी.

उपग्रह आणि नकाशे

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे भुवन हे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. त्यावर आपल्या गावाचे उपग्रहचित्र पाहता येते. नदीने काठ कोठे कापला, जुना ओढा कोठून वाहत होता व आता तो कोठे अडला आहे, हे जुन्या-नव्या चित्रांच्या तुलनेने चांगले कळते. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या उपग्रहचित्रात जमीन दिसत नाही. रडार बसविलेले उपग्रह मात्र ढगांतूनही साचलेले पाणी टिपतात. अनेक दिवस पसरून राहणाऱ्या पुरात त्यांचा मोठा उपयोग होतो. उल्हासचा पूर लवकर चढतो व लवकर उतरतो. उपग्रह काही दिवसांच्या अंतराने येत असल्याने तो येईपर्यंत पाणी ओसरलेले असू शकते. म्हणून उपग्रहावर विसंबून आपली रेघ मारण्याचे टाळू नये.

उपग्रहावरून काढलेली सर्वसाधारण उपलब्ध उंचीची माहिती सुमारे ३० मीटरच्या चौकोनाला एक आकडा देते आणि त्यात काही मीटरची चूक असू शकते. गावाचा कोणता भाग सखल आहे हे पाहण्यास ती पुरेशी आहे, अर्ध्या मीटरच्या बांधासाठी नाही.

यासाठी गाव नकाशाची प्रत घेऊन तिच्यावर गट क्रमांकानुसार तीन रंग भरावेत. दरवर्षी बुडणारी खाचरे निळी, मोठ्या पुरातच बुडणारी पिवळी आणि कधीही न बुडणारी हिरवी. गुरे नेण्याच्या जागा व वाटा हिरव्या भागात दाखवाव्यात. हे काम ग्रामसभेत बसून एका दुपारी होते.

निळी रेषा व लाल रेषा

पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. निळी रेषा सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. यामुळे एक गैरसमज होतो. पंचवीस वर्षांचा पूर आला की पुढील चोवीस वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार असते. दहा वर्षांचा हिशेब केल्यास तो एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सुमारे तेहतीस होते. लाल रेषेचा पूरही तीस वर्षांच्या काळात येण्याची शक्यता शंभरात सुमारे सव्वीस आहे. शिवाय हे आकडे मागील नोंदींवरून काढलेले असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. मागील नोंदी पुढील काळाला पुरतीलच, असे धरून चालू नये.

येथेच भरावाचा प्रश्न येतो. कुळगाव परिसरात जमिनीला मागणी आहे आणि नदीकाठची खाचरे भरून विकली जात आहेत. एक हेक्टर खाचरावर दोन मीटर भराव टाकला, तर पुराचे पाणी मावण्याची २०,००० घनमीटर जागा नाहीशी होते. ते पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या खाचरात व समोरच्या काठावर जाते. त्यामुळे परिसरात मोठा भराव पडल्यास आपण काढलेले आकडेही बदलतात. अशा वेळी भरावाची जागा व तारीख गाव नकाशावर नोंदवावी आणि पूररेषेचा उल्लेख करून संबंधित कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी. नकाशासह दिलेल्या तक्रारीचा पाठपुरावा करणे सोपे जाते.

पिकाचे नियोजन

१) भाताची रोपवाटिका निळ्या रंगाच्या खाचरात करू नये. वरकस जमिनीवर किंवा उंच खाचरात करावी.

२) गरजेपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त रोपे तयार ठेवावीत. पूर ओसरल्यावर नांगे भरण्यास ती उपयोगी पडतात.

३) जोरदार पावसाचा इशारा असताना युरिया देऊ नये. खतांच्या गोणी माळ्यावर ठेवाव्यात.

४) पाणी ओसरताच खाचरातील साचलेले पाणी काढून द्यावे, फुटलेले बांध घालावेत आणि पानांवरील गाळ स्वच्छ पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा. नवीन पालवी दिसेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, नत्र देण्याची घाई करू नये.

५) सर्व आवणे गेल्यास कर्जत-१८४ सारख्या हळव्या जातीची रहू पद्धतीने पेरणी करता येते. मात्र किती उशिरापर्यंत ती करावी, याबाबत कर्जत येथील प्रादेशिक कृषि संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. पाण्याखाली तग धरणाऱ्या स्वर्णा सब-१ सारख्या जाती देशात उपलब्ध आहेत, पण आपल्या भागासाठी शिफारस असल्याखेरीज त्या मोठ्या क्षेत्रावर लावू नयेत. खाजण जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या जाती आहेत.

६) ई-पीक पाहणी वेळेवर करावी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत पिकाचे छायाचित्र जागेच्या खुणेसह नोंदले जाते. नुकसान झाल्यास तारीख, वेळ व जागा दर्शविणारी छायाचित्रे पाणी असतानाच काढावीत. पाणी उतरल्यावर पुरावा उरत नाही.

७) आपल्या आकड्याच्या पातळीला पाणी येण्याआधी गुरांची दावी सोडावीत व ती हिरव्या भागात न्यावीत. मुख्य स्विच बंद करूनच पंप हलवावा. पायाला जखम असल्यास पुराच्या पाण्यात उतरू नये, कारण त्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होते.

वहीची सवय

एका वहीत पाच रकाने आखावेत. तारीख, कर्जत बाजूचा पाऊस, बदलापूरची पातळी, मुंबईच्या भरतीची वेळ व उंची, आणि आपल्या बांधावर काय झाले. दोन-तीन पावसाळे ही नोंद ठेवली की, वर किती पाऊस झाल्यावर किती तासांनी आपल्याकडे पाणी चढते, हे आपले आपल्याला कळू लागते. हा आकडा कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. गावातील दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून किंवा शाळेतील वरच्या वर्गातील मुलांच्या मदतीने हे काम सहज होण्यासारखे आहे.

पाण्याची नळी, टेप, रंगाचा डबा आणि एक वही एवढेच साहित्य यासाठी लागते. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर खाचरांतून मोजमाप करणे अवघड जाते. म्हणून राब भाजणीच्या दिवसांतच शेतकरी बंधू-भगिनींनी पुराची रेघ मारून घ्यावी आणि आपल्या खाचराचा व गोठ्याचा आकडा काढून ठेवावा.